चाल, ताकद, तोल, ताण: हॅरोतल्या तीन पिढ्यांसाठी

डिसेंबरात हॅरोमध्ये दुपारचे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. शाळेतून आलेली मुलं दप्तर टाकतात आणि टॅबलेट घेऊन बसतात. घरून काम करणारे आईबाबा सकाळी नऊला खुर्चीत बसतात ते संध्याकाळी सहालाच उठतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून, साताऱ्याहून आलेले आजी-आजोबा तिकडे रोज सकाळी बागेत चक्कर मारायचे. इथे पाऊस, गारठा आणि निसरडे फुटपाथ म्हणून ते रेडिएटरजवळच्या सोफ्यावरच दिवस काढतात. फेब्रुवारी उजाडेपर्यंत घरात एकाची मान धरलेली असते, दुसऱ्याचा खांदा आखडलेला असतो, तिसऱ्याचा गुडघा कुरकुरत असतो. मग कुणीतरी सांगतं, "रोज थोडं स्ट्रेचिंग करा, अंग मोकळं होईल."

हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शरीराला चार गोष्टी लागतात. चाल, म्हणजे श्वास थोडा वाढेल अशी हालचाल. ताकद, म्हणजे स्नायूंना ओझ्याची सवय. तोल, म्हणजे न पडता उभं राहण्याचं, वळण्याचं कौशल्य. आणि ताण, म्हणजे स्ट्रेचिंग. या चौघांत ताण सर्वांत सोपा. घाम येत नाही, बूट लागत नाहीत, टीव्हीसमोर करता येतो. म्हणून आपण तेवढाच धरतो आणि बाकीचे तीन सोडून देतो. प्रत्येक वयात या चारांचं प्रमाण वेगळं असतं. ते कसं ठरवायचं आणि हॅरोतल्या आपल्या घरात कसं बसवायचं, ते पाहू.

लाल बसने दिलेला धडा

शारीरिक हालचाल आणि आरोग्य यांचं आधुनिक संशोधन जिथून सुरू झालं, ती प्रयोगशाळा आपण रोज पाहतो: लंडनची दुमजली लाल बस. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडन ट्रान्सपोर्टच्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर काम करत आणि साधारण एकाच वर्गातून येत. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटं काढायला वरखाली करत दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढत असे. कंडक्टरांना हृदयविकार कमी प्रमाणात झाला, झाला तो उशिरा, आणि त्याचे झटकेही तितके घातक नव्हते.

मॉरिस तिथेच थांबले नाहीत. ड्रायव्हर मुळातच जाड तर नसतील, अशी शंका त्यांनी स्वतःच घेतली. 1956 मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना मिळालेल्या गणवेशांच्या मापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर खरोखरच मोठी होती, अगदी तरुण वयापासून. म्हणजे फरकाचा काही भाग कंबरेचाही होता. टपाल खात्यातल्या पोस्टमनांवर आणि बैठं काम करणाऱ्या कारकुनांवरही अभ्यास झाले, आणि हालचालीचं पारडं जड ठरत गेलं. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले.

यातून घ्यायचं ते हे: त्या कंडक्टरांनी व्यायाम म्हणून वेगळं काहीच केलं नव्हतं. त्यांचं कामच त्यांना चढायला लावत होतं. आज आपल्यापैकी बहुतेकांचं काम ड्रायव्हरच्या जागेवरचं आहे, त्यामुळे कंडक्टरच्या पायऱ्या आपल्याला मुद्दाम शोधाव्या लागतात.

आपल्या शरीराचा हिशेब वेगळा आहे

2021 च्या जनगणनेनुसार हॅरोतले सुमारे 45 टक्के रहिवासी आशियाई वंशाचे आहेत. म्हणून हा भाग या परिसरासाठी विशेष महत्त्वाचा. हॅरोच्या शेजारच्याच साउथॉल आणि ब्रेंट भागांत 1980 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. पॉल मॅकीग यांच्या गटाने 40 ते 69 वयाच्या लोकांची तपासणी केली. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या साउथॉलच्या निष्कर्षांत दक्षिण आशियाई लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 19 टक्के होतं, तर युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये 4 टक्के. पोटाभोवती साठणारी चरबी हा त्यातला मोठा दुवा होता.

याचं मूळ आणखी मागे जातं, थेट पुण्यापर्यंत. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याच्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे 3.5 किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून मेदयुक्त, अशी ही ठेवण. 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण 'लॅन्सेट'मध्ये छापलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाटा दोघांना एकच उत्तर देत होता, आणि ते उत्तर अपुरं होतं.

म्हणून "मी तर बारीकच आहे" या समाधानावर विसंबू नका. घरातला दोरा घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत आपली उंची मोजा, दोरा बरोबर दुमडा आणि तो निम्मा दोरा बेंबीच्या जरा वर, पोट न आवळता, कंबरेभोवती फिरवा. टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि लक्ष द्यायची वेळ झाली आहे. ब्रिटनमधली अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वंही आता हेच माप सुचवतात. आपल्या वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची सावधानतेची रेषाही 25 ऐवजी 23 वर धरली जाते.

ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी 2019 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये हिशेब मांडला की युरोपीय पुरुषाला 150 मिनिटांत मिळतो तो फायदा मिळवायला दक्षिण आशियाई पुरुषाला सुमारे 230 मिनिटं लागतील. म्हणजे रोज दहा-बारा मिनिटं जास्त. हा आकडा घाबरवणारा नाही. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली जरा लांबवली की तो भरून निघतो.

ताण काय देतो, काय देत नाही

स्ट्रेचिंगने सांधा जास्त वाकतो, वळतो, हात वर जातो, हे खरं आहे. ते का घडतं, यावरचं संशोधन मात्र विचार करायला लावतं. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा लांब होत नाही. मज्जासंस्था त्या ताणाला सरावते आणि "पुरे, थांब" हा इशारा उशिरा देऊ लागते. म्हणून लवचीकपणा सरावाने येतो आणि सराव सोडला की जातो. रविवारी एकदम पाऊण तास ओढाताण करण्यापेक्षा रोजची पाच मिनिटं जास्त कामाची.

आता ताण काय देत नाही ते. खेळाआधी स्नायू ताणले की दुखापत टळते, हा समज फार जुना. 2000 साली ऑस्ट्रेलियात 1,538 सैनिकांवर बारा आठवडे प्रयोग झाला. व्यायामाआधी पायांचे स्नायू ताणणाऱ्या आणि न ताणणाऱ्या गटांत दुखापतींचा लक्षणीय फरक दिसला नाही. व्यायामानंतर ताण दिला की दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, हाही समज. 2011 च्या कोक्रेन आढाव्यात 12 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा दुखण्यातला फरक शंभर गुणांच्या मोजपट्टीवर एखाद्या गुणाइतकाच निघाला. उलट, धावण्याच्या किंवा क्रिकेट खेळण्याच्या ऐन आधी एकाच स्थितीत मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरलं, तर स्नायूची ताकद थोडी उतरते.

म्हणून खेळाआधी हलता ताण द्या: पाय पुढेमागे झुलवणं, गुडघे उचलत चालणं, हात गोल फिरवणं. धरून ठेवायचा ताण व्यायामानंतर किंवा वेगळ्या वेळी, अंग गरम असताना.

किती वेळ धरायचं? 1997 च्या एका अभ्यासात तरुणांच्या मांडीच्या मागच्या स्नायूला दिवसातून एकदा 30 सेकंदांचा ताण पुरेसा ठरला. तो मिनिटभर केला किंवा तीनदा केला तरी जास्त लाभ झाला नाही. 2001 मध्ये 65 च्या पुढच्या लोकांवर असाच अभ्यास झाला, तेव्हा 60 सेकंदांचा ताण जास्त उपयोगी पडला. वय वाढलं की स्नायूला सैल व्हायला जास्त वेळ द्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणखी एक गोष्ट आपल्याला आनंद देणारी आहे. सांधा पूर्ण वाकवून, पूर्ण उघडून केलेला ताकदीचा व्यायामही लवचीकपणा जवळपास स्ट्रेचिंगइतकाच वाढवतो. आपली बैठक हेच करते. सूर्यनमस्कारही तेच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांच्या प्रसाराला आयुष्य दिलं, आणि 1938 साली त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्येच प्रसिद्ध झालं. मांडीमागचा ताण, छाती उघडणं, हातांवर शरीराचा भार, श्वासाची लय हे सगळं एका नमस्कारात येतं. सहा नमस्कार ही एका माणसाला एका चटईवर मिळणारी ताकद आणि ताण यांची जोडी आहे.

मुलं: पाचच्या आतली आणि शाळकरी

चालायला लागलेल्या मुलापासून पाच वर्षांपर्यंत दिवसाला 180 मिनिटं हालचाल हवी. ती एका दमात अर्थातच नाही. घरभर, अंगणभर, दिवसभर विखुरलेली. 5 ते 18 वर्षांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं, श्वास वाढेल अशी. या वयात ताण मागे ठेवा, उड्या पुढे घ्या. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, फुटबॉल यांतून हाडांवर जो आघात पडतो, त्याने हाडं बळकट होतात. तरुणपणापर्यंत साठवलेलं हे हाडांचं भांडवल पुढे साठीत उपयोगी पडतं.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत 2012 साली मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी मुलांना रोज पंधरा मिनिटं वर्गाबाहेर पळायला किंवा चालायला पाठवायला सुरुवात केली. गणवेश बदलायचा नाही, स्पर्धा नाही. 'डेली माइल' नावाने हा उपक्रम पुढे देशभर पसरला. तुमच्या मुलाच्या शाळेत तो आहे का, विचारा. नसेल तर शाळेतून घरी येताना एक स्टॉप आधी उतरा.

दोन सूचना पालकांसाठी. मुलं अचानक उंच होतात त्या वर्षांत हाडं आधी वाढतात आणि स्नायू मागून येतात, त्यामुळे पोटऱ्या आणि मांड्या आखडतात, गुडघ्याखाली दुखतं. तेव्हा हलका ताण द्या, जोर नको, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. दुसरं, काही मुलामुलींचे सांधे मुळातच जास्त वाकतात. भरतनाट्यम किंवा जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात त्यांचं कौतुक होतं. अशा मुलांना आणखी ताण नको. सांधा सांभाळणारी ताकद हवी.

विशी ते चाळिशी: वेळ नाही त्यांच्यासाठी

चार मिनिटांच्या आत एक मैल धावणारा जगातला पहिला माणूस हॅरोत जन्मला. रॉजर बॅनिस्टर, जन्म 23 मार्च 1929. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांनी 3 मिनिटं 59.4 सेकंदांची नोंद केली. तेव्हा ते सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि जेवणाच्या सुट्टीत जवळच्या पॅडिंग्टन रिक्रिएशन ग्राउंडवर जाऊन सराव करत. थोडा वेळ, पण पूर्ण जोर. विक्रम बाजूला ठेवू. पण "वेळच मिळत नाही" म्हणणाऱ्या तरुण आईबाबांनी या हॅरोकराची ती जेवणाची सुट्टी जरूर आठवावी.

नवं संशोधन याला दुजोरा देतं. यूके बायोबँक या मोठ्या प्रकल्पातल्या, वेगळा व्यायाम न करणाऱ्या सुमारे 25,000 लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधली होती. दिवसातून तीनदा, मिनिट-दोन मिनिटं धाप लागेल अशी हालचाल ज्यांच्याकडून सहज घडत होती, त्यांच्यात पुढच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 38 ते 40 टक्क्यांनी कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय त्या दोन मिनिटांना देता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. स्टेशनचा जिना न थांबता चढा. बसच्या मागे धावावं लागलं तर कुरकुर करू नका. हॅरोच्या बाजारपेठेतून टेकडीवरच्या सेंट मेरीज चर्चपर्यंतचा चढ आठवड्यातून दोनदा झपझप चढा. वर पोचल्यावर एक वाक्य पूर्ण बोलायला श्वास पुरला नाही, तर व्यायाम झाला समजा.

बाळंतपणानंतर आईने घाई करू नये. ओटीपोटाच्या स्नायूंपासून सुरुवात, मग चालणं, मग ओझं. सहा ते आठ आठवड्यांच्या तपासणीत जीपीला नेमकं विचारा.

चाळिशी ते पासष्टी: ताकदीची वर्षं

या वयात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते ताकदीकडे. चालणं होतं, योगवर्गही होतो, पण स्नायूंना ओझं मिळत नाही. आपण जन्मतःच कमी स्नायू घेऊन येतो हे वर पाहिलं. जेवणातली साखर खर्च करणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर साखर रक्तात राहते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची झीज वेगाने होते, तिलाही ओझं उचलण्याने आळा बसतो. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे: बैठका, भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या किंवा तांदळाच्या पिशव्या घेऊन जिना. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटल्या पाहिजेत.

मधुमेह असलेल्यांना खांदा आखडण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. पाठीमागे हात जात नाही, केस विंचरताना कळ येते. लवकर ओळखला तर हलक्या ताणाने खांदा सांभाळता येतो. जोर लावून हात वर ढकलू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आणि शतपावली. अमेरिकेत 2013 साली साठीपुढच्या, साखर सीमारेषेवर असलेल्या दहा लोकांवर एक छोटा पण काटेकोर अभ्यास झाला. दिवसातून एकदा 45 मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर प्रत्येकी 15 मिनिटं चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर जास्त आटोक्यात राहिली. आपल्या आजीने सांगितलेली शतपावली शंभर पावलांवर थांबवू नका, पंधरा मिनिटांपर्यंत न्या. बाहेर पाऊस असेल तर सेंट ॲन्स किंवा सेंट जॉर्जेस शॉपिंग सेंटरमध्ये फेऱ्या मारा, नाहीतर घरातल्या घरात.

इंग्लंडमध्ये 40 ते 74 वयाच्या, आधीपासून असे आजार नसलेल्या लोकांना दर पाच वर्षांनी एनएचएसची आरोग्य तपासणी मिळते. पत्र आलं की बाजूला ठेवू नका.

पासष्टीनंतर: तोल आधी

या वयात पहिला क्रमांक तोलाचा. मार्गदर्शक तत्त्वं 65 च्या पुढच्यांना 150 मिनिटांच्या जोडीने आठवड्यातून किमान दोन दिवस ताकद, तोल आणि लवचीकपणा सांगतात. 2019 च्या कोक्रेन आढाव्यात 108 प्रयोग आणि 23,000 हून अधिक लोक होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटलं. तोल आणि रोजच्या हालचालींचा सराव असलेल्या व्यायामांचा यात मोठा वाटा होता. नुसतं स्ट्रेचिंग हे काम करू शकत नाही.

आधी आपण कुठे आहोत ते पाहा. दोन चाचण्या घरी होतात, पण शेजारी कुणीतरी उभं राहू द्या.

पहिली, खुर्चीची. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घाला आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. 65 ते 69 वयात पुरुषांना 12 आणि स्त्रियांना 11, तर 75 ते 79 वयात पुरुषांना 11 आणि स्त्रियांना 10 वेळा जमायला हवं. त्याहून कमी झालं तर मांड्यांची ताकद वाढवायची गरज आहे. हीच चाचणी रोजचा व्यायामही होऊ शकते.

दुसरी, एका पायावरची. ओट्यासमोर उभे राहा, हात ओट्याच्या जवळ, आणि एक पाय उचला. दहा सेकंद जमतात का? ब्राझीलचे डॉ. क्लाउडिओ जिल अराउजो यांच्या 2022 च्या अभ्यासात 51 ते 75 वयाचे 1,702 लोक होते. सुमारे पाचात एकाला दहा सेकंद जमले नाहीत, आणि त्यांच्यात पुढच्या वर्षांतल्या मृत्यूचा धोका 84 टक्क्यांनी जास्त आढळला. एक पाय उचलता न येणं हे मृत्यूचं कारण नव्हे. आतली ताकद कमी होत असल्याचा तो इशारा आहे. तो वेळेवर मिळाला तर कामी येतो.

याच डॉक्टरांनी 2012 साली आपल्या अगदी ओळखीच्या गोष्टीवर अभ्यास मांडला होता: जमिनीवर बसणं आणि उठणं. हात, गुडघा टेकावा न लागता जे जमिनीवरून उठू शकत होते, त्यांचं पुढचं आयुष्य जास्त सुरक्षित दिसलं. गावाकडे पाटावर जेवणारी, उकिडवं बसून भाजी निवडणारी आपली मंडळी हा व्यायाम दिवसातून दहादा करत होती. इथे सोफा, डायनिंग टेबल आणि उंच पलंग आले आणि तो नकळत सुटला. गुडघे परवानगी देत असतील तर दिवसातून एकदा गालिच्यावर मांडी घालून बसा. नातवंडांबरोबर पत्ते खेळा, देवाची पोथी वाचा. उठताना आधी सोफ्याचा आधार घ्या, हळूहळू तो कमी करा.

"आता या वयात कसली ताकद?" असं कुणी म्हणालं तर त्यांना बोस्टनची गोष्ट सांगा. 1990 साली तिथल्या वृद्धाश्रमातल्या सरासरी 90 वर्षं वयाच्या रहिवाशांनी आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम केला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

ज्यांना जमिनीवर बसणं अशक्य आहे, त्यांच्यासाठी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी मोठं काम करून ठेवलं आहे. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्यामुळे ते 1954 साली प्रथम युरोपात आले, आणि आज लंडनच्या मेडा व्हेलमध्ये त्यांच्या पद्धतीची संस्था आहे. खुर्ची, पट्टा, भिंत, लाकडी ठोकळा यांच्या आधाराने त्यांनी आसनं वृद्धांच्या आणि आजारी माणसांच्या आवाक्यात आणली. आधार घेणं म्हणजे कमीपणा नव्हे, हीच त्यांची शिकवण समजा.

रोजचे पाच ताण

अंग गरम झाल्यावर, म्हणजे शतपावलीनंतर किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर करा. प्रत्येक ताण 30 सेकंद. 65 च्या पुढे 60 सेकंद. हिसका देऊ नका, श्वास रोखू नका. ओढ जाणवली पाहिजे, कळ येता कामा नये.

1. पोटरी: भिंतीला हात टेका, एक पाय मागे, टाच जमिनीवर घट्ट.
2. मांडीची मागची बाजू: खुर्चीच्या कडेला बसा, एक पाय सरळ समोर, पाठ ताठ ठेवून कंबरेतून पुढे झुका.
3. जांघेची पुढची बाजू: एक पाय मागे टाकून उभे राहा, मागचा गुडघा किंचित वाकवा, कंबर थोडी पुढे. दिवसभर बसणाऱ्यांसाठी हा सर्वांत गरजेचा.
4. छाती आणि खांदे: दाराच्या चौकटीवर कोपर टेकवा आणि हळूच एक पाऊल पुढे टाका.
5. पाठ: खुर्चीत बसून दोन्ही हात डोक्यामागे, छाती वर उचला, मग डावीकडे आणि उजवीकडे सावकाश वळा.

हॅरोतला एक आठवडा

सोमवार ते शनिवार रोज जेवणानंतर शतपावली. मंगळवार आणि शुक्रवार ताकद आणि तोल, पंधरा-वीस मिनिटं, सगळ्यांनी मिळून बैठकीच्या खोलीत. रविवारी सहकुटुंब बाहेर: हेडस्टोन मॅनरच्या खंदकाभोवतीचं उद्यान, पिनर मेमोरियल पार्क, कॅनन्स पार्क, स्टॅनमोरच्या बेंटली प्रायरीचं रान. पाय बळकट झाले की लंडनला वळसा घालणाऱ्या 'कॅपिटल रिंग' या पायवाटेचा हॅरो टेकडीवरून जाणारा टप्पा चाला. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, 1932 पासून आपल्या लोकांना एकत्र आणणाऱ्या त्या संस्थेत, सणाला भेटणाऱ्या मंडळींनी चालण्याचा गट केला, तर थंडीतही पाय घराबाहेर पडतात. एकट्याचा व्यायाम जानेवारीत बंद पडतो; कुणी वाट पाहत असेल तर माणूस कोट घालतो.

थंडीची आणखी एक गरज म्हणजे ड जीवनसत्त्व. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून ते मिळत नाही. एनएचएस प्रौढांना या काळात रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सुचवते, आणि आपल्यासारख्या गडद त्वचेच्या लोकांना वर्षभर. ते कमी पडलं तर हाडं आणि स्नायू दोन्ही दुखतात, आणि ते दुखणं कुठल्याच स्ट्रेचिंगने जात नाही.

आधी डॉक्टरांना विचारा, जर...

चालताना छातीत दाब किंवा दुखणं जाणवत असेल, चक्कर येत असेल, अलीकडे पडला असाल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर सुरुवात जीपीला विचारून करा. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणारी गोळी घेत असाल, तर व्यायामाच्या वेळा आणि जेवण यांचा मेळ त्यांच्याकडून समजून घ्या. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी चालू नका आणि रोज तळपाय पाहा. व्यायाम करताना छातीत दुखू लागलं आणि थांबूनही थांबलं नाही, तर 999 ला फोन करा.

आज रात्रीपासून एवढंच करा. जेवण झालं की सगळ्यांनी मिळून पंधरा मिनिटं चाला. परत आल्यावर आजी-आजोबांची खुर्चीची चाचणी घ्या, आकडा कॅलेंडरवर लिहा, आणि स्वतःचाही लिहा. मार्चमध्ये पुन्हा मोजा. एप्रिलात ते परत जातील तेव्हा चॉकलेटं आणि स्वेटर सामानात असतीलच; पण पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या घरात पोचून त्यांनी हात न टेकता पाटावरून उठून दाखवलं, तर या हिवाळ्यात हॅरोने त्यांना दिलेली सर्वांत मोठी भेट तीच असेल.